पिसाळलेल्या जनावरातला विषाणू कोणत्या प्रकारचा? सोलापूर जिल्ह्यातून नमुना पाठवणाऱ्या नव्या पशुवैद्यकांसाठी

जनावर पिसाळून मेले की दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. रेबीज होता का, हा पहिला. असला तर कोणत्या प्रकारचा विषाणू होता आणि तो कोणत्या प्राण्याच्या साखळीतून आला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतेकांना मिळवता येते. दुसऱ्यासाठी मोनोक्लोनल अँटीबॉडींचा (विषाणूवरची एकेकच खूण ओळखणाऱ्या प्रतिपिंडांचा) संच, म्हणजे पॅनेल, वापरतात. तिथे नवखे लोक दोन ठिकाणी अडकतात: मेंदूचा नमुना खराब पोहोचतो, किंवा पॅनेल देऊ शकत नाही असे उत्तर त्याच्याकडे मागितले जाते. नव्याने रुजू झालेले पशुधन विकास अधिकारी, प्रयोगशाळेत शिकणारे विद्यार्थी आणि तंत्रज्ञ यांच्यासाठी पुढच्या पायऱ्या आहेत.

सगळ्यात आधी एक गोष्ट. चावलेल्या माणसाचे उपचार कोणत्याही अहवालासाठी थांबत नाहीत. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायची, माणसाला लगेच दवाखान्यात पाठवायचे. लस आणि गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिन त्याच दिवशी सुरू व्हायला हवे. विषाणूच्या प्रकाराचा अहवाल साथीचा माग काढण्यासाठी असतो. रुग्णाला सुई द्यायची की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

१. कवटी उघडण्याआधी प्रश्न ठरवा

रेबीजचा विषाणू लायसाव्हायरस या गटातला. त्याच गटात त्याचे भाऊबंद आहेत: नायजेरियात वटवाघळात सापडलेला लागोस बॅट, तिथेच चिचुंद्रीत सापडलेला मोकोला, दक्षिण आफ्रिकेतला डुवेनहागे, युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या वटवाघळांचे विषाणू. आपल्या शेजारी, श्रीलंकेत, २०१६ मध्ये गन्नोरुवा या लायसाव्हायरसचे वर्णन प्रसिद्ध झाले. तो मोठ्या फळखाऊ वटवाघळात सापडला, आणि तीच जात आपल्याकडच्या वड-चिंचेवर लटकलेली असते. साध्या रेबीज तपासणीत विषाणू मायक्रोस्कोपखाली हिरवा चमकतो (पायरी ६), आणि तिथे हे सगळे विषाणू तसेच चमकू शकतात. वेगळे काढायला पॅनेल किंवा जनुकक्रम लागतो.

भारतातला रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांच्या साखळीतला. म्हणून मोहोळच्या म्हशीला गावातले कुत्रे चावले आणि ती मेली, तर विषाणूचा प्रकार शोधून हाती फारसे नवे लागणार नाही. निदान करा, गोठ्यातल्या बाकीच्या जनावरांचे पाहा आणि थांबा. प्रकार मात्र पुढील वेळी जरूर शोधावा:

- वटवाघूळ मृत किंवा विचित्र वागणारे सापडले, किंवा त्याने कुणाला चावले.
- नान्नजच्या माळरानाच्या आसपास लांडगा, कोल्हा, खोकड किंवा मुंगूस पिसाळला.
- वेळच्या वेळी लसीकरण झालेले जनावर रेबीजने मेले.
- दोन वेगळ्या कन्जुगेटनी (चमकणारा रंग जोडलेल्या अँटीबॉडींनी) केलेल्या तपासणीत निकाल जुळत नाहीत.

प्रश्न कागदावर एका वाक्यात लिहून काढा. "कुत्र्याच्या साखळीतला की वटवाघळाचा?" हा प्रश्न पॅनेलला झेपतो. "हे कुत्रे अक्कलकोटचे की कर्नाटक सीमेपलीकडून आलेले?" हा झेपत नाही, त्याला जनुकक्रम लागतो.

२. फोन, कागद, सामान

पहिला फोन पुण्याला, औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागात करा. रेबीजसाठी बंगळुरूत दोन ठिकाणे महत्त्वाची: हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातली रेबीज प्रयोगशाळा, जी जागतिक पशुआरोग्य संघटनेची संदर्भ प्रयोगशाळा आहे, आणि निम्हान्स (राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान संस्था), जे जागतिक आरोग्य संघटनेचे रेबीजसाठीचे सहयोगी केंद्र आहे. नमुना काढण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: पॅनेल सध्या चालू आहे का, नमुना ताजा हवा की ग्लिसरॉलमधला, आणि कोणत्या वारी स्वीकारतात. शुक्रवारी संध्याकाळी निघालेली पेटी रविवारभर कुठेतरी पडून राहते.

कागद:
- तुमच्या कार्यालयाचे सहीशिक्क्याचे पत्र.
- जनावराची माहिती: जात, वय, मालकाचे गाव, लक्षणे कधी सुरू झाली, मृत्यूची तारीख आणि वेळ, लसीकरणाच्या तारखा.
- कोणाला चावले, कुठल्या जनावरांशी संपर्क आला. माणसांची नावे लिफाफ्यात वेगळी; पेटीवर नकोत.
- शवविच्छेदनाची नोंद, आणि मेंदूचा कोणता भाग कोणत्या बाटलीत आहे त्याची यादी.
- वन्यप्राणी असेल तर वनविभागाचा पंचनामा आणि लेखी परवानगी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मेलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता असतो. लांडगा तर पहिल्या अनुसूचीतला. वनरक्षक येण्याआधी त्याला हात लावू नका, मग गावकऱ्यांनी कितीही घाई केली तरी.

रेबीज २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोग नियंत्रण कायद्याखाली कळवायचा रोग आहे. तालुका आणि जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाला त्याच दिवशी कळवा.

सामान: हाताने चालवायची करवत, छिन्नी-हातोडा, चिमटे, स्काल्पेल, ५ मिमी जाडीची प्लॅस्टिकची नळी (शीतपेयाची सरळ स्ट्रॉ चालते), फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या, निर्जंतुक पीबीएस (फॉस्फेटचे क्षारद्रावण) आणि ग्लिसरॉल समप्रमाणात मिसळून, पाण्यात न पुसणारा मार्कर, आइस पॅक, थर्मोकोलची पेटी, ताजे केलेले १ टक्का हायपोक्लोराइट. विजेची करवत नको. तिने मेंदूचे तुषार हवेत उडतात.

३. स्वतःचे संरक्षण

पूर्व-लसीकरण झालेल्या माणसानेच कवटी उघडावी, आणि त्याचे टायटर (रक्तातल्या रेबीजविरोधी अँटीबॉडींचे प्रमाण) प्रति मिली ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा जास्त असावे. दुहेरी हातमोजे, त्यावर जाड रबरी मोजे, एन-९५ मास्क, चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, एप्रन, गमबूट. हाताला जखम असेल तर काम दुसऱ्याला द्या. मे महिन्याच्या उन्हात शील्ड आणि मास्क असह्य होतात आणि माणूस ते काढून ठेवतो. म्हणून काम सकाळी लवकर घ्या.

४. मेंदू काढणे

इथे गेलेली चूक पुढे कोणतीही प्रयोगशाळा दुरुस्त करू शकत नाही.

संशयित कुत्र्याला नमुन्यासाठी मारू नका. नियमाप्रमाणे त्याला वेगळे कोंडून नैसर्गिक मृत्यूपर्यंत ठेवायचे असते. रेबीज असेल तर तो साधारण १० दिवसांत मरतो. गावात काठ्यांनी डोके ठेचलेले कुत्रे समोर येते तेव्हा मेंदूचे भाग ओळखताच येत नाहीत. ग्रामपंचायतीत हे आधीच सांगून ठेवा: डोक्यावर घाव नको.

कोणता भाग हवा? मेंदूखोड आणि लहान मेंदू हे दोन्ही अत्यावश्यक. पूर्वीच्या पुस्तकांत हिप्पोकॅम्पसवर भर असे, कारण तिथे नेग्री पिंड (रेबीजमध्ये पेशीत दिसणारे ठिपके) शोधत. हिप्पोकॅम्पस घ्या, पण मेंदूखोड नसेल तर "निगेटिव्ह" या शब्दाला किंमत नाही. विषाणू पाठीच्या कण्यातून वर चढतो आणि मेंदूखोडात लवकर पोहोचतो. गाय-म्हैस-घोड्यात तो कधी एकाच बाजूला असतो, म्हणून मेंदूखोडाचा पूर्ण आडवा छेद हवा. लहान मेंदूचा मधला भाग आणि दोन्ही बाजूच्या पाळ्या घ्या.

पूर्ण कवटी उघडणे शक्य नसेल तर मानेच्या बाजूने नळीची पद्धत वापरा:

(क) डोके पुढे वाकवा. कवटी आणि पहिला मणका यांच्यामधली कातडी आणि स्नायू आडवे कापा, म्हणजे कवटीचे मागचे छिद्र दिसेल.
(ख) नळी छिद्रातून डोळ्याच्या दिशेने हळूहळू फिरवत आत सारा.
(ग) वरचे टोक बोटाने दाबून नळी बाहेर काढा. मेंदूखोड, लहान मेंदूचा तळ, हिप्पोकॅम्पस आणि मेंदूची वरची साल अशा क्रमाने भाग नळीत येतात.
(घ) नळी बाटलीत पिळा किंवा कापून तशीच बाटलीत घाला.

नळीतून आलेला पॉझिटिव्ह निकाल विश्वासाचा. निगेटिव्ह मात्र जपून घ्या, कारण नळी पूर्ण छेद देत नाही. वटवाघळाचे मात्र डोके किंवा अख्खे शवच थंड करून पाठवा. इवल्याशा कवटीत नळी घालत बसू नका. ओळख पटवण्यासाठी शव शाबूत असणेही गरजेचे.

एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पारा ४० च्या वर असतो. उन्हात पडलेल्या शवाचा मेंदू काही तासांत पातळ होतो. तरीही नमुना टाकून देऊ नका, पण यादीत "कुजलेला" असे स्पष्ट लिहा. कुजलेल्या मेंदूत हिरवी चमक दिसली तर ती मानता येते. न दिसली तर निकाल "तपासणीस अयोग्य" असा असतो. आरटी-पीसीआर या जनुकीय तपासणीला अशा नमुन्यातही कधी विषाणूचा आरएनए सापडतो. पॅनेलसाठी मात्र असा मेंदू जवळपास निरुपयोगी आहे.

५. बाटल्या आणि पेटी

प्रत्येक भागाचा सुपारीएवढा तुकडा, वेगळ्या बाटलीत, दोन संच.

संच एक: कोणतेही द्रव न घालता, थंड. २४ ते ४८ तासांत पोहोचणार असेल तर २ ते ८ अंशांवर पुरते. उशीर होणार असेल तर गोठवा, पण एकदाच. गोठणे-वितळणे-गोठणे या चक्रात पेशी फुटतात आणि स्लाइडवर ठसा धड उमटत नाही.

संच दोन: ५० टक्के ग्लिसरॉल-पीबीएसमध्ये, तुकडा पूर्ण बुडालेला. ग्लिसरॉल कुजणे लांबवते, विषाणू मारत नाही. म्हणजे बाटली तितकीच धोकादायक असते. प्रयोगशाळेत असा तुकडा पीबीएसने अनेकदा धुवावा लागतो, म्हणून "ग्लिसरॉलमध्ये आहे" हे लेबलवर हवेच.

फॉर्मेलिन हा सगळ्यात नेहमीचा सापळा. दवाखान्यात फॉर्मेलिनची बाटली हाताशी असते आणि सवयीने मेंदू त्यात जातो. फॉर्मेलिनने प्रथिनांचे आकार बांधले जातात. पॅनेलमधल्या अँटीबॉडी ज्या नेमक्या खुणांना चिकटतात त्या झाकल्या जातात, विषाणू वाढवता येत नाही, जनुकक्रमही अवघड होतो. फॉर्मेलिनचा तुकडा ऊतकतपासणीसाठी वेगळा द्या, पण तो एकमेव नमुना असू नये.

जनुकक्रमाची शक्यता असेल तर एफटीए कार्डावर (रसायन लावलेल्या टिपकागदावर) मेंदूचा ठसा घेऊन वाळवा. कार्डावर विषाणू निष्क्रिय होतो, आरएनए टिकतो आणि बर्फ लागत नाही. उन्हाळ्यात ही सोय मोठी आहे. कार्डावरून अँटीबॉडी टायपिंग होत नाही, एवढे लक्षात ठेवा.

पॅकिंग तिहेरी: गळती न होणारी बाटली, तिच्याभोवती शोषक कापूस, बाहेर घट्ट झाकणाचा डबा, त्याबाहेर कडक पेटी. बर्फ डब्याच्या बाहेर, पेटीच्या आत. निदानाचा मेंदू नमुना यूएन ३३७३ या (जैविक नमुन्यांच्या वाहतुकीच्या) वर्गात पाठवतात. कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत, डब्याबाहेर.

६. प्रयोगशाळेत आधी साधी चमक-तपासणी

पॅनेल लावण्याआधी डायरेक्ट फ्लुओरेसंट अँटीबॉडी टेस्ट करायचीच. विषाणू नसलेल्या मेंदूवर महागडे पॅनेल लावण्यात अर्थ नाही, आणि चमकेची ताकद कळल्याशिवाय पॅनेलचा निकाल वाचता येत नाही.

मेंदूखोड आणि लहान मेंदूच्या कापलेल्या पृष्ठभागावर स्लाइड हलकेच टेकवा. ठसा पातळ हवा. जाड ठसा धुताना सुटून येतो. हवेत वाळवा, मग उणे २० अंशांच्या ॲसिटोनमध्ये किमान तासभर, शक्यतो रात्रभर. ॲसिटोनने विषाणू पूर्ण मरतो असे धरू नका; स्लाइड शेवटपर्यंत संसर्गजन्यच समजा. मग एफआयटीसी (हिरवा चमकणारा रंग) लावलेली अँटी-रेबीज कन्जुगेट, ३७ अंशांवर ३० मिनिटे, दमट डब्यात. पीबीएसने दोनदा धुणे, ग्लिसरॉलचा बफर, कव्हर स्लिप. मायक्रोस्कोपखाली सफरचंदी हिरवे कण: कधी धुळीसारखे बारीक, कधी गोल-लांबट मोठे.

प्रत्येक वेळी माहितीतली पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह स्लाइड सोबत हवी. दोन वेगळ्या उत्पादकांच्या कन्जुगेट वापरा. मोनोक्लोनल मिश्रणाची कन्जुगेट एखादा विरळा लायसाव्हायरस चुकवू शकते; दुसरी तो पकडते. चमकेला १+ ते ४+ अशी श्रेणी द्या.

फ्लुओरेसंट मायक्रोस्कोप नसेल तर डीआरआयटी ही साध्या मायक्रोस्कोपची पद्धत आहे. १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये १० मिनिटे, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये १० मिनिटे, मग बायोटिन लावलेल्या अँटीबॉडी, स्ट्रेप्टाव्हिडिन-पेरॉक्सिडेज (बायोटिनला चिकटणारे, रंग उमटवणारे विकर) आणि एईसी हा लाल रंग प्रत्येकी १० मिनिटे, शेवटी हेमॅटॉक्सिलिन. निळ्या पार्श्वभूमीवर लालसर कण दिसतात. इथे एक सापळा: सोडियम ॲझाइड घातलेला बफर वापरला तर पेरॉक्सिडेज बंद पडते आणि पॉझिटिव्ह मेंदू निगेटिव्ह दिसतो. फ्लुओरेसन्सला ॲझाइड चालते, इथे नाही. (या पद्धतीतली १० मिनिटांची फॉर्मेलिन आणि मेंदू दिवसेंदिवस फॉर्मेलिनच्या बाटलीत ठेवणे, या दोन गोष्टींची सांगड घालू नका.)

७. पॅनेल लावणे

१९७८ मध्ये विक्टोर आणि कोप्रोव्स्की यांनी मोनोक्लोनल अँटीबॉडी वापरून दाखवले की वेगवेगळ्या ठिकाणचे रेबीज विषाणू एकसारखे नाहीत. प्रत्येक मोनोक्लोनल अँटीबॉडी विषाणूच्या प्रथिनावरची एकच खूण ओळखते. टायपिंगसाठी बहुधा न्यूक्लिओप्रोटीन या विषाणूच्या आतल्या प्रथिनावरच्या अँटीबॉडी घेतात, कारण संक्रमित पेशीत ते भरपूर असते. आठ-दहा अँटीबॉडी, कुठली चिकटली आणि कुठली नाही, त्या आकृतिबंधावरून प्रकार ठरतो.

काम असे:

(क) चमक ३+ किंवा ४+ असेल तरच पुढे जा. १+ नमुन्यावर "चिकटली नाही" आणि "दिसली नाही" यातला फरक कळत नाही. कमी असेल तर विषाणू पेशीसंवर्धनात वाढवावा लागतो. ते जिल्हा पातळीचे काम नाही, संदर्भ प्रयोगशाळेकडे सोपवा.
(ख) बहुखणी टेफ्लॉन स्लाइडवर प्रत्येक खणात ठसा घ्या, वाळवा, ॲसिटोन.
(ग) प्रत्येक खणात एक अँटीबॉडी. सोबत सर्व लायसाव्हायरसना चिकटणारी एक, आणि अँटीबॉडीविना एक खण.
(घ) ३७ अंशांवर ३० मिनिटे दमट डब्यात. पीबीएसने धुवा. एका खणातले थेंब दुसऱ्यात जाऊ देऊ नका.
(च) एफआयटीसी लावलेली अँटी-माउस कन्जुगेट, पुन्हा ३७ अंशांवर ३० मिनिटे. धुणे, कव्हर स्लिप, वाचन.
(छ) तीच सगळी कृती सीव्हीएस या प्रयोगशाळेतल्या प्रमाणित विषाणूवर आणि निगेटिव्ह मेंदूवर, त्याच दिवशी.

नवी बाटली आली की प्रत्येक अँटीबॉडीचे काम चालवण्याचे विरलन स्वतः काढा: दुप्पट-दुप्पट विरल करत जा, आणि ४+ देणाऱ्या शेवटच्या विरलनापेक्षा एक पायरी गाढ निवडा. बाटलीवरचा आकडा दुसऱ्याच्या मायक्रोस्कोपवरचा असतो.

पीबीएस डिस्टिल्ड पाण्यातच करा. आपल्याकडच्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने पीएच आणि क्षार दोन्ही बिघडतात, पीएच ७.२ ते ७.५ मध्ये हवा. सोलापूरच्या कोरड्या हवेत खणातले थेंब चटकन सुकतात, आणि सुकलेल्या कडेला खोटी चमक येते. डब्यात ओला टिपकागद घाला, झाकण बंद ठेवा. वीज जाते हे गृहीत धरून अँटीबॉडी छोट्या-छोट्या नळ्यांत वाटून गोठवा, म्हणजे एका वेळी एकच नळी वितळेल.

८. आकृतिबंध वाचणे

उदाहरणासाठी अमेरिका खंडात वापरला जाणारा आठ अँटीबॉडींचा संच घेऊ: सी-१, सी-४, सी-९, सी-१०, सी-१२, सी-१५, सी-१८, सी-१९.

- सी-१८ सोडून सगळे पॉझिटिव्ह: प्रकार १, कुत्रा आणि मुंगूस.
- सी-१८ आणि सी-९ निगेटिव्ह: प्रकार २, कुत्रा.
- सी-१, सी-१५ आणि सी-१८ निगेटिव्ह: प्रकार ३, रक्तपिपासू वटवाघूळ.
- आठही पॉझिटिव्ह: सीव्हीएससारखा प्रयोगशाळेतला विषाणू.

शेवटची ओळ नीट लक्षात ठेवा. शेतातल्या नमुन्यात आठही खण चमकले तर आनंदून जाऊ नका; बहुधा तुमच्या पॉझिटिव्ह कंट्रोलचा थेंब त्यात गेला आहे. नव्या ठशावर, नव्या स्लाइडवर पुन्हा करा.

एकच खण निगेटिव्ह असेल तर आधी नवा प्रकार सापडला असे समजू नका. ठसा सुटला का, खण सुकला का, थेंब घालायचा राहिला का, हे पाहा आणि पुन्हा करा. दोनदा तेच आले, सर्वसाधारण अँटीबॉडीचा खण चमकला आणि सीव्हीएस अपेक्षेप्रमाणे आले, तरच निकाल धरा. शक्यतो दोन माणसांनी एकमेकांचे न पाहता वाचावे.

आता खरी मर्यादा. हा संच अमेरिकेतल्या कुत्रे, कोल्हे, स्कंक आणि वटवाघळांसाठी बनवला आहे. आपल्याकडच्या विषाणूवर तो लावून "प्रकार १" असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ "कुत्र्याच्या साखळीसारखा" इतकाच. भारतातले बहुतेक विषाणू आर्क्टिक-सदृश वंशातले; दक्षिणेत भारतीय उपखंडाचा वेगळा वंशही सापडतो. सोलापूर जिल्हा कर्नाटकाला लागून असल्याने इथल्या नमुन्यात हा फरक पाहण्यासारखा आहे, पण तो आठ खणांत दिसत नाही. त्यासाठी न्यूक्लिओप्रोटीन जनुकाचा क्रम काढून तुलना करावी लागते. वटवाघळाच्या किंवा विचित्र आकृतिबंधाच्या नमुन्यात तर पॅनेल हा फक्त इशारा. पक्के उत्तर जनुकक्रमाचे.

याला एक व्यवहाराची बाजूही आहे. रेबीज, गन्नोरुवा आणि ऑस्ट्रेलियातला वटवाघूळ विषाणू एकाच फायलोग्रुपातले (वंशगटातले), सध्याची लस त्यांच्यावर चालते. लागोस बॅट आणि मोकोलावर ती भरवशाची नाही. म्हणून असामान्य आकृतिबंध दिसला तर अहवाल टंकत बसण्याआधी संदर्भ प्रयोगशाळेला आणि जिल्हा आरोग्य यंत्रणेला फोन करा.

९. अहवाल आणि उरलेला मेंदू

अहवालात चार गोष्टी असाव्यात: कोणते भाग तपासले, चमकेची श्रेणी, प्रत्येक अँटीबॉडीचा निकाल, आणि तो कोणत्या संचाशी ताडला. नुसते "कुत्र्याचा प्रकार" असे लिहिलेला अहवाल आला तर खणवार निकाल मागून घ्या. पुढे दुसऱ्या प्रयोगशाळेने संच बदलला तर तुलना त्याच्याशिवाय होत नाही.

उरलेल्या मेंदूचा एक भाग उणे ८० अंशांवर ठेवायला सांगा, तुमचा नमुना क्रमांक आणि गाव लिहून. जनावराचे शव खोल पुरून वर चुना टाका किंवा जाळा. कुत्री उकरून काढतील इतका उथळ खड्डा खणला जातो, तिथे स्वतः उभे राहा. अवजारे १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये भिजवा, आणि धातूची असतील तर नंतर साध्या पाण्याने धुऊन पुसा, नाहीतर गंजतात. मोजे, कापूस आणि स्लाइडांचा कचरा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रंगाच्या पिशव्यांत वेगळा करून द्या. पंचायत समितीच्या कचरागाडीत तो जाता कामा नये.